उंदराचे औषध शेवटी कोणाच्या पोटात जाते?

सांजपाखरू

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला एक गव्हाणी घुबड दिसले. ते भिंतीला टेकून एका बाजूला कलले होते, पंख खाली सुटले होते आणि मी अगदी दोन हातांवर जाऊन उभा राहिलो तरी त्याने साधा फुत्कारही टाकला नाही. नाव घेण्यासारखी जखम अंगावर कुठेच नव्हती. पायाच्या बोटापाशी एक बारीक ओरखडा होता, एवढेच. त्याला खोक्यात ठेवून पशुवैद्यांकडे पोहोचेपर्यंत तासभर गेला आणि तेवढ्या वेळात खोक्याच्या तळाशी अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर तळहाताएवढा लाल डाग पसरला. ओरखडा गव्हाच्या दाण्याएवढा आणि डाग तळहाताएवढा, हे गणित मला तेव्हा उलगडले नाही.

घुबड संध्याकाळी मेले. डॉक्टरांनी माझ्या विनंतीवरून शवविच्छेदन मला पाहू दिले. चोचीच्या आतला भाग कागदासारखा फिकट पडला होता, कातडीखाली निळसर चट्टे होते आणि शरीराच्या पोकळीत साठलेले रक्त गोठलेले नव्हते. डॉक्टरांनी हात धुता धुता एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे उंदराचे औषध ठेवले आहे का?"

ठेवले होते. आमच्या इमारतीने नेमलेल्या कंपनीची माणसे दर महिन्याला येऊन भिंतीकडेच्या काळ्या पेट्यांमध्ये हिरव्या वड्या भरून जातात. ज्या बैठकीत हे ठरले तिथे बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा धागा दुसऱ्या कोणावर खापर फोडण्यासाठी काढलेला नाही. पेटीचे तोंड इतके लहान असते की घुबड त्यात शिरूच शकत नाही, तेव्हा बाकीच्या प्राण्यांना धोका नाही, असे मी धरून चाललो होतो. हा समज नेमका कुठे चुकला आणि विष न वापरता काय करता येते, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

जाता जाता एक गोष्ट मनात राहिली. इतर कोणाला मारणाऱ्या पदार्थाला आपण सरळ विष म्हणतो, उंदराच्या बाबतीत मात्र 'औषध' म्हणतो. हा शब्द वापरला की हातमोजे घालायचेही आपल्याला सुचत नाही.

पशुवैद्य_निवृत्त

सांजपाखरू, तुमच्या समजाची चूक पेटीच्या तोंडात नाही, ती काळाच्या हिशोबात आहे. थोडे मागून सांगतो.

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त घेऊन थेट विद्यापीठात पोहोचला. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ वेगळा केला. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आले आणि १९५४ पासून तेच माणसांच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाऊ लागले. त्यामुळे 'औषध' हा शब्द निदान एका अर्थाने तरी खोटा नाही.

शरीरात रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व वापरून झाले की एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा वापरण्याजोगे करते. ही विषे त्या विकरालाच बंद पाडतात. अंगात आधीच तयार असलेला साठा संपेपर्यंत प्राण्याला काहीही होत नाही, म्हणून मृत्यू यायला साधारण चार ते सात दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. हा उशीर निर्मात्यांना हवाच असतो. उंदीर संशयी प्राणी आहे, त्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे नवा पदार्थ तो आधी जरासा चाखून पाहतो आणि लगेच त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. चार दिवसांनी आलेल्या मरणाचा संबंध चार दिवसांपूर्वीच्या वडीशी जोडणे त्याला शक्य नसते.

आता हिशोब पाहा. ब्रोडिफॅकम या दुसऱ्या पिढीतील, म्हणजे वॉरफरिननंतर आलेल्या अधिक तीव्र विषाच्या एक किलो आमिषात साधारण ५० मिलिग्रॅम विष असते. पाव किलो वजनाच्या उंदराला मरायला त्यातले दीड-दोन ग्रॅम आमिष पुरते, पण तो दिवसाला वीसेक ग्रॅम खातो आणि मरेपर्यंत चार दिवस खात राहतो. म्हणजे मरणाच्या वेळी तो स्वतःला मारायला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट विष अंगात घेऊन हिंडत असतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत तो मंदावतो, भिंतीच्या आडोशाने पळण्याची सवय सोडतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो. ज्या उंदरांना पकडायला घुबडाला एरवी रात्रभर खपावे लागते, त्यांच्यातला हाच सर्वांत सोपा असतो.

घुबडाच्या शरीरातही हे विष यकृताला चिकटून बसते. ब्रोडिफॅकमचे यकृतातील प्रमाण निम्मे व्हायलाच काही महिने लागतात. आज खाल्लेला विषारी उंदीर आणि दोन महिन्यांनी खाल्लेला दुसरा, यांची बेरीज होत जाते.

धान्यकोठी

मी गेली अनेक वर्षे धान्याची गोदामे सांभाळतो आणि या धाग्यातला सूर एकतर्फी होण्याआधी दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. उंदीर खातो त्यापेक्षा कितीतरी अधिक नासवतो. त्याच्या मुतामुळे आणि लेंड्यांमुळे अख्खी थप्पी टाकून द्यावी लागते, आणि लेप्टोस्पायरोसिससारखा आजार हा काही पुस्तकातला बागुलबुवा नाही, आमच्या एका हमालाला तो झालेला मी पाहिला आहे. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, त्या वेगापुढे पिंजऱ्याने एकेक उंदीर धरत बसणे म्हणजे चाळणीने पाणी उपसणे आहे.

दुसऱ्या पिढीची विषे कोणी हौसेने आणली नाहीत, हेही लक्षात घ्यावे. वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये आढळले, पुढे ते इतरत्रही सापडू लागले, आणि म्हणूनच १९७०च्या दशकात डायफेनॅकम, ब्रोमॅडायोलोन, ब्रोडिफॅकम ही अधिक तीव्र रसायने आली. एक घुबड मेल्याचे मलाही वाईट वाटते, परंतु एका घुबडावरून सर्वत्र विष बंद करा म्हणणे मला पटत नाही.

रानबोर

धान्यकोठी, मुद्दा एका घुबडाचा असता तर तुमच्याशी मी वाद घातला नसता. मी जखमी पक्ष्यांच्या सुश्रूषेचे काम करते आणि त्या निमित्ताने या विषयावर जे वाचत आले, त्यातले मोजके इथे देते.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या वन्यजीव चिकित्सालयात मॉरीन मरे यांनी तांबड्या शेपटीच्या ४३ ससाण्यांची यकृते तपासली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस यकृतांमध्ये रक्त न गोठू देणारी उंदीरनाशके निघाली. सगळे पक्षी विषानेच मेले होते असे नाही, कित्येक इतर कारणांनी दाखल झाले होते. म्हणजे विष अंगात असणे हा अपवाद उरला नसून तीच नेहमीची अवस्था झाली आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेर पडलेले फ्लाको हे युरेशियन गरुडघुबड अनेकांना आठवत असेल. वर्षभर ते शहरात उंदीर आणि कबुतरे मारून जगले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका इमारतीजवळ पडलेले सापडले. आदळून झालेल्या इजांबरोबरच त्याच्या शरीरात कबुतरांपासून आलेला विषाणू आणि चार वेगवेगळी उंदीरनाशके आढळली. नोंदीत मृत्यूचे कारण 'आदळणे' असे लिहिले गेले असते तर ते चूक ठरले नसते, पण अपुरे नक्कीच ठरले असते. आमच्याकडे 'वाहनाची धडक' म्हणून येणाऱ्या पक्ष्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते, कारण अंगात रक्ताची कमतरता असलेला पक्षी वेळेवर बाजूला होऊ शकत नाही, आणि धडकेने झालेली किरकोळ इजाही त्याच्या बाबतीत थांबत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये २०१२ पासून राहणारा पी-२२ हा पर्वतसिंह (प्यूमा) २०१४ मध्ये खरजेने अक्षरशः ओळखू न येण्याजोगा झाला होता, आणि त्याच्या रक्तात उंदीरनाशके सापडली. पर्वतसिंह उंदीर खात नाही. तो हरीण खातो, आणि कधी कधी उंदरांवर जगणारे कोयोटी किंवा रॅकून मारतो. विष म्हणजे एक पायरी आणखी वर चढले होते. त्याच डोंगररांगेतील बॉबकॅट या रानमांजरांमध्ये खरजेची जी साथ आली होती तिच्या अभ्यासात असे दिसले की तीव्र खरूज झालेल्या प्राण्यांच्या यकृतात ही विषे हमखास सापडतात, आणि पुढील संशोधनात त्यांच्या प्रतिकारशक्तीतही बिघाड दिसला. रक्तस्राव होऊन मेले तेवढेच मोजायचे असे ठरवले तर ही सगळी मांजरे हिशोबातून गळतात.

याच पुराव्यांच्या जोरावर कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून दुसऱ्या पिढीच्या विषांच्या वापरावर जानेवारी २०२१ पासून, काही अपवाद ठेवून, बंदी घातली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने जुलै २०२१ मध्ये तात्पुरती आणि २०२३ पासून कायमची बंधने आणली. ब्रिटनमध्ये इमारतींपासून दूर, मोकळ्या जागेत ब्रोमॅडायोलोन आणि डायफेनॅकम वापरण्याची मुभा २०२४ अखेर संपली.

सांजपाखरू

पर्वतसिंहाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पेटीचे तोंड लहान आहे म्हणून निश्चिंत राहणारा मी, त्या पेटीतून उंदीर बाहेर येतो एवढी साधी गोष्ट विसरलो होतो.

दर्यावर्दी

एक अवघड उदाहरण मुद्दाम मांडतो, कारण ते दोन्ही बाजूंना टोचणारे आहे.

अलास्काच्या अल्यूशियन बेटांपैकी एकावर १७८०च्या सुमारास फुटलेल्या एका जपानी जहाजातून उंदीर उतरले आणि तिथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्ले त्यांनी जवळजवळ संपवली. बेटाचे नावच 'रॅट आयलंड' पडले. २००८ मध्ये हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफॅकमचे आमिष टाकून तिथला प्रत्येक उंदीर मारण्यात आला. पुढच्या वर्षी पाहणीसाठी गेलेल्यांना ३०० हून अधिक कुरव पक्षी आणि ४६ बाल्ड ईगल मेलेले आढळले. कुरवांनी आमिष खाल्ले होते आणि गरुडांनी कुरव.

तरीही आज ते बेट उंदीरमुक्त आहे, २०१२ मध्ये त्याला हवाडाक्स हे उनांगन या तिथल्या मूळ लोकांचे जुने नाव परत मिळाले आहे आणि तिथे पक्षी पुन्हा घरटी करू लागले आहेत. दक्षिण जॉर्जिया हे त्याहून कितीतरी मोठे बेट २०१८ मध्ये याच मार्गाने उंदीरमुक्त घोषित झाले. वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्या माणसांनीच ही विषे वापरली आणि मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही.

मात्र बेटावर विष एका मोसमात टाकले जाते आणि शेवटचा उंदीर मेला की काम कायमचे संपते. इमारतीच्या भिंतीकडेला दर महिन्याला भरली जाणारी पेटी कधीच संपत नाही, कारण शेजारून नवे उंदीर येतच राहतात. तिथे सोसलेल्या हानीच्या बदल्यात काहीतरी हाती लागले. इथे फक्त हानीचा हप्ता चालू राहतो.

उंबरा

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. रक्ताशी संबंध नसलेली उंदीरनाशकेही मिळतात, झिंक फॉस्फाइड तर फार जुने आहे. ती वन्यजीवांना कमी घातक आहेत का?

पशुवैद्य_निवृत्त

उंबरा, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर 'वेगळ्या प्रकारे घातक' असे आहे.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू सोडते आणि प्राणी काही तासांत मरतो. ते यकृतात साठत नाही, म्हणून मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडाला धोका तुलनेने कमी असतो, शून्य नसतो. परंतु ते बहुधा धान्याला लावून पसरतात आणि दाणे टिपणारे पक्षी थेट त्यानेच मरतात. त्यावर उतारा नाही. पाळीव कुत्र्याने ते खाल्ल्याचा संशय असेल तर त्याला काही खाऊ घालू नये, कारण अन्नाने आम्ल वाढते आणि वायूही, आणि ओकारी झाली तर खिडक्या उघडून स्वतः दूर व्हावे, कारण तोच वायू माणसालाही बाधतो. ब्रोमेथॅलिन मेंदूला सूज आणते आणि त्यावरही उतारा नाही. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे 'ड' जीवनसत्त्वच, पण त्या मात्रेत ते रक्तातले कॅल्शियम इतके वाढवते की मूत्रपिंडे निकामी होतात. 'जीवनसत्त्वापासून बनवलेले' असे वेष्टनावर वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

रक्त न गोठू देणाऱ्या विषांवर 'के-१' जीवनसत्त्व हा खरा उतारा आहे, मात्र ते अनेक आठवडे द्यावे लागते. चार दिवसांत प्राणी टवटवीत झाला म्हणून उपचार थांबवले आणि यकृतातल्या विषाने पुन्हा डोके वर काढले, असे मी कुत्र्यांच्या बाबतीत एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. रानटी पक्ष्याला इतके दिवस पिंजऱ्यात ठेवून रोज औषध देणे किती कठीण असते ते रानबोर अधिक चांगले सांगतील.

रानबोर

कठीण आहे, आणि बहुतेक वेळा पक्षी आमच्यापर्यंत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. सुस्त, फिकट तोंडाचे, जवळ गेले तरी न उडणारे घुबड वा ससाणा दिसला तर त्याला पाणी पाजू नका, खाऊ घालू नका, वारंवार उचलून पाहू नका, कारण नुसत्या धरण्यानेही आत रक्तस्राव होऊ शकतो. झाकलेल्या, हवा येणाऱ्या खोक्यात अंधारात ठेवून लगेच जाणकाराकडे न्या आणि परिसरात कोणते आमिष वापरतात त्याचे वेष्टन मिळाले तर तेही सोबत न्या.

आणखी एक. आमिषाच्या पेटीत फक्त उंदीर जातात हा समज खोटा आहे. गोगलगायी, मुंग्या, झुरळेही त्या वड्या कुरतडतात. त्यांच्या शरीरात रक्त गोठण्याची व्यवस्थाच निराळी असल्याने त्या मरत नाहीत, विष घेऊन हिंडतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात.

धान्यकोठी

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही, परंतु माझ्याच गोदामांचा हिशोब मी पुन्हा काढून पाहिला, आणि तो माझ्या पहिल्या प्रतिसादाला सर्वस्वी पूरक नाही.

आमच्या दोन गोदामांपैकी एकाचे दरवाजे तीन वर्षांपूर्वी बदलले. खालची फट पत्र्याने बंद केली, पन्हळींच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवली, नळ भिंतीतून जातात तिथे पोलादी लोकर ठोसून वरून सिमेंट भरले, आणि थप्प्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचल्या. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणून हे काम चिकाटीचे आहे आणि एका दिवसात होत नाही. त्या गोदामात हल्ली आम्ही फक्त चाप लावतो. दुसऱ्या, जुन्या गोदामात विष नेमाने भरले जाते आणि उंदीरही नेमाने असतात. यातून काय समजायचे ते समजण्याइतका मी शहाणा आहे, फक्त हे मी इतकी वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

जिथे विष टाळणे खरोखरच शक्य नाही तिथे काही गोष्टी पाळता येतात. आमिष उघड्यावर कधीही ठेवू नये. उपद्रव संपला की ते उचलावे, 'असू द्या, पुढे उपयोगी पडेल' म्हणून वर्षभर ठेवू नये. मेलेले उंदीर रोज शोधून पुरावेत किंवा जाळावेत. या शेवटच्या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो, आमच्या माणसांनाही, आणि खरे सांगायचे तर बहुतेक उंदीर बिळात किंवा छताच्या पोकळीत मरत असल्याने ते हाती लागतही नाहीत.

घुबडांकडून काम करून घेण्याविषयी मी आधी थट्टा करणार होतो. पण इस्राएलमधील स्दे एलियाहू येथे १९८३ पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी घरट्यांच्या पेट्या लावल्या जात आहेत आणि मलेशियातील तेलमाडाच्या मळ्यांतही हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. मलेशियाच्याच मळ्यांत दुसऱ्या पिढीची विषे आल्यावर घुबडे कमी झाल्याचे १९८०च्या दशकात नोंदले गेले, त्यामुळे दोन्ही उपाय एकत्र चालत नाहीत हे उघड आहे. घुबडे बंद गोदाम साफ करणार नाहीत, शेतातील आणि बाहेरच्या पटांगणातील संख्या मात्र आटोक्यात ठेवू शकतात. उंदरांची मादी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा पिल्ले देऊ शकते आणि घुबड बहुधा वर्षातून एकदाच घरटे करते, तेव्हा दोघांवर एकाच वेळी विष पडले तर आधी कोण सावरणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

उंबरा

चिकट पुठ्ठ्यांचे काय? विष नको म्हणून आम्ही ते वापरू लागलो आहोत.

रानबोर

कृपया वापरू नका. त्यावर पाली, सरडे, लहान साप आणि चिमण्याही अडकतात, आणि अडकलेला उंदीर कित्येक तास जिवंत राहतो. मान पकडणारा चांगला, जोरकस चाप, तोही दुसरा प्राणी शिरणार नाही अशा खोक्यात ठेवलेला, यापेक्षा कितीतरी बरा.

सांजपाखरू

सर्वांचे आभार. या धाग्याच्या छापील प्रती घेऊन मी इमारतीच्या बैठकीत गेलो. धान्यकोठी यांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर विरोध बराच मावळला, कारण तो विष वापरणाऱ्या माणसाने लिहिलेला होता. कंपनीला पेट्या उचलायला सांगितले आहे. कचऱ्याच्या पिंपांना झाकणे आली, जिन्याखालची अडगळ हलवली आणि तळमजल्यावरच्या नळांभोवतीची सात भोके बुजवली, त्यातली दोन तर मूठ जाईल एवढी होती. चापांत पहिल्या आठवड्यात अकरा उंदीर सापडले, दुसऱ्यात तीन.

काल पहाटे गच्चीच्या जिन्यात झाडू मारताना कोपऱ्यात उंदरांच्या ताज्या लेंड्या दिसल्या. त्या काळ्या नव्हत्या, वड्यांना असतो त्याच रंगाच्या, हिरव्यागार होत्या. आमच्या आवारातली शेवटची पेटी उचलून तेव्हा सोळा दिवस झाले होते. कुंपणापलीकडच्या इमारतीच्या भिंतीला मात्र तशाच चार काळ्या पेट्या आहेत. आज संध्याकाळी तिथल्या चिटणिसांना भेटायला जातो आहे.